चित्र, चित्र, बटण

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात एक मोरपंखी शाल आहे. जरीकाठाची, अंगाला टोचणारी. इंदिरानगरच्या रविवार बाजाराच्या वर्धापनदिनाला ती माझ्या खांद्यावर पडली, सोबत श्रीफळ. श्रीफळाची त्याच संध्याकाळी चटणी झाली. शाल मात्र मी टाकत नाही, कुणाला देतही नाही. तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी माझं डोकं तापतं. आणि वेबसाइटी करून पोट भरणाऱ्या बाईचं डोकं महिन्यातून एकदा तरी तापलंच पाहिजे, असं माझं आता पक्कं मत झालंय.

ती शाल मला ‘सुंदर वेबसाइट’ केल्याबद्दल मिळाली. सुंदर होतीच हो, खोटं कशाला बोलू? सायीच्या रंगाचं पान, त्यावर राखाडी अक्षरं, शेवयांइतकी बारीक. वरच्या बाजूला तीन मोठी चित्रं आपोआप सरकायची: पहिल्यात दवानं भिजलेली कोथिंबीर, दुसऱ्यात शेवंतीच्या टोपल्या आणि तिसऱ्यात हात जोडलेले अध्यक्ष. कुठे रेघ नाही, चौकट नाही, बटणांवर नावं नाहीत, नुसत्या नाजूक खुणा. येणाऱ्याला वाटावं, आपण भाजी नाही, अत्तर घ्यायला आलोय. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, “अशी वेबसाइट पुण्यातसुद्धा नाही!” नाशकात याच्या वरची पदवी नाही. मी मान खाली घालून लाजले. आज आठवलं की तीच मान धरून आवळावीशी वाटते.

रविवार बाजार हा शेतकऱ्यांनीच चालवलेला बाजार आहे. नाशिकच्या आसपास भाजी आणि फुलं पिकवणारे चाळीस जण इंदिरानगरातल्या एका मोकळ्या मैदानावर फक्कीनं आखलेल्या चौकोनांत बसतात आणि आपला माल आपणच विकतात. मध्ये दलाल नाही. अध्यक्ष मात्र मूळचे लासलगावचे. आयुष्यभर कांद्याच्या लिलावात ओरडले आणि आता इंदिरानगरात बंगला बांधून, दोन एकरांत भाजी लावून शेतकरी म्हणून मिरवतात. घसा अजून लिलावाचाच. घरात चहा मागितला तरी गल्लीला वाटतं, बोली लागली.

या चाळिसांत माझी थोरली जाऊ. मखमलाबादच्या पुढे आमची सासरची शेती आहे. ती तिनं सांभाळली आणि मी शहरात आले. वाटणी अशी झाली की तिच्याकडे मेथी, शेपू, शेवंती आणि बोलण्याचा हक्क. माझ्याकडे संगणक आणि ऐकून घ्यायचं काम. मी तिला ताई म्हणते. ती मला ‘धाकटे’ म्हणते, आणि माझ्या पन्नाशीचा त्यावर काहीही परिणाम झालेला नाही.

काही वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. समोर बघितलं की मधोमध धुकं आणि कडेला थोडं काहीतरी. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा घरात रडारड झाली. ताई म्हणाली, “रडता कशापायी? मला आता माणसाचं तोंड दिसत नाय, कान तेवढे दिसतात. बरंच हाय. कोण ऐकतंय ते तरी कळतंय.”

माझ्या मुलीनं तिच्या फोनात वाचून दाखवण्याची सोय सुरू करून दिली. बोट ठेवाल तिथे काय आहे ते फोनातली एक बाई बोलते. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट सांगते, दोनदा टकटक केलं की ती उघडते. बस. महिन्याभरात ताई त्या बाईवर असे हुकूम सोडायला लागली की मला तिची दया आली. हवामान, बाजारभाव, बियाण्याची चौकशी, गावातली भांडणं, सगळं ताई फोन कानाला लावून करायची.

आणि तिच्याकडे होती ती कोपऱ्याची जागा. मैदानाच्या फाटकातून अकरा पावलं सरळ, उजव्या हाताला लिंबाचं खोड लागलं की थांबायचं. तिथून मागे कठडा, डावीकडे मोकळं. शेजाऱ्याच्या पिकअपमधून टोपल्या उतरल्या की ती कुणाचा हात न धरता चालत जाऊन बसायची. गिऱ्हाइकं आवाजावरून ओळखायची. “का हो, मागच्या रविवारी कुठं गेला होता? पालक खाऊन पळाला काय!” मधल्या रांगेत ती बसूच शकली नसती. चारी बाजूंनी चौकोन, चारी बाजूंनी माणसं, हाताला लागेल अशी एकही खूण नाही. लिंबाचं ते खोड म्हणजे तिचा अर्धा डोळा होता.

आता माझं पाप ऐका.

वेबसाइट यायच्या आधी बाजारात एक भोंगा होता. चिटणीस म्हणजे निवृत्त मास्तर. दर रविवारी दहा वाजता एका टेबलाशी उभे राहून माइकवर सूचना वाचायचे. पार्किंग कुठे, पुढच्या रविवारी सुट्टी आहे का, कुणाची छत्री सापडली. सूचना दोन मिनिटांच्या आणि मास्तरांची प्रस्तावना पाच मिनिटांची. वेबसाइट सुरू झाली त्या सभेत मी उभी राहिले, अगदी रंगमंचावर उभं राहावं तशी, आणि म्हणाले, “आता या भोंग्याची गरज काय? आता सगळं वेबसाइटवर येईल. शांतपणे, सुबकपणे!” टाळ्या पडल्या. मास्तरांनी माइकची वायर गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. ताई टाळ्या वाजवणाऱ्यांतच होती. धाकटीचं कौतुक, दुसरं काय.

दिवाळीनंतर बाजारात ‘जागा कायम’ करण्याची पद्धत आहे. आपला चौकोन पुढच्या वर्षी हवा असेल तर पंधरा दिवसांत अर्ज भरायचा. नाही भरला तर जागा वाट बघणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या माणसाला जाते. पूर्वी मास्तर दोन रविवार घसा फोडून हे सांगायचे. या वर्षी सूचना वेबसाइटवर आली.

कशी आली? आपल्याकडे सूचना लिहीत नाहीत, सजवतात. अध्यक्षांनी मजकूर फ्लेक्सवाल्याला पाठवला. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फलक करणारा तो माणूस. त्याच्या हाताला एकच वळण. गुलाबी पार्श्वभूमी, कडेनं झेंडूच्या माळा, वर डावीकडून उजवीकडे कार्यकारिणीचे अकरा फोटो मानाच्या क्रमानं, खाली सोनेरी वळणदार अक्षरांत ‘सर्व सभासदांना हार्दिक आवाहन’ आणि या सगळ्याच्या मध्ये, उरलेल्या बोटभर जागेत, खरी सूचना. हे एक अखंड चित्र. ते चित्र चिटणिसांनी मला पाठवलं आणि मी ते जसंच्या तसं वेबसाइटवर चढवलं. नाक मुरडलं, पण झेंडूच्या माळांना. ते चित्र आहे, त्यातलं एकही अक्षर फोनातल्या बाईला वाचता येणार नाही, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही. चित्रामागे दोन ओळींचं वर्णन लिहून ठेवता येतं, मला ते येतं, त्याला एक मिनिट लागतं. नाही लिहिलं.

मधे एकदा ताईचा फोन आला होता. “धाकटे, जागेचं काय आलंय का गं तुझ्या वेबसाइटीवर?”

मी कुठल्याशा दंतवैद्याच्या वेबसाइटीला मोत्याचा रंग देण्यात गुंतले होते. म्हणाले, “सगळं टाकलंय ताई. बघा की.”

बघा की! कुणाला सांगते आहे, काय सांगते आहे!

त्यानंतरच्या एका रविवारी मी भाजीला गेले. फाटकाशीच होते. ताई पिकअपमधून उतरली, पदर खोचला आणि आपली अकरा पावलं चालायला लागली. दहाव्या पावलाला तिची मांडी एका टेबलावर आदळली. टेबलावरची मुगाची, मटकीची आणि बाजरीची पुडकी खाली गेली. टेबलामागचा माणूस घाबरून उभा राहिला. नांदगावहून पहाटे निघून आलेला, पहिलाच रविवार, अंगात नवा शर्ट.

“मावशी, बघून चाला की,” तो म्हणाला.

“बघूनच चालले असते रं बाबा,” ताई म्हणाली. “पण तू माझ्या जागेत काय करतोस?”

त्यानं खिशातून कागद काढला. अर्जाची पोच. जागा क्रमांक एक, नव्या वर्षासाठी. दोन वर्षं तो यादीत वाट बघत होता. त्याचा काडीचाही दोष नव्हता, आणि याचाच मला जास्त राग आला. माणूस नालायक निघाला असता तर किती सोपं झालं असतं!

ताई लिंबाच्या खोडाला हात लावून उभी होती. मोठी बाई ती, उन्हातान्हात राबलेली, पण त्या क्षणी बसस्टँडवर चुकलेल्या माणसासारखी दिसली. शेवंतीच्या टोपल्या उन्हात. मी पुढे गेले तर माझ्या चपलांच्या आवाजावरून म्हणाली, “आलीस? जागा गेली बघ.”

त्या दिवशी ताईनं पिकअपच्या फळीवर बसून माल विकला. दुपारी मी तिला घरी आणलं. जेवल्यावर तिनं फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “बस हितं. ऐक.”

तिनं माझी शालवाली वेबसाइट उघडली आणि बोट सरकवत गेली. फोनातली बाई बोलू लागली:

“चित्र. चित्र. चित्र. बटण. बटण. चित्र. बटण.”

“हे रोज ऐकते मी,” ताई म्हणाली. “पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. मला वाटलं, अजून काही आलंच नाय. चित्रं तर चित्रं. तुम्ही शहाणी माणसं, फोटोच टाकत बसला असाल.”

फोटोच टाकत बसलो होतो आम्ही!

मी म्हटलं, “ते दुसरं बटण दाबायचं होतं. अर्जाचं.”

“दुसरं? मला काय ठावं? सगळी नुसती बटणंच हायेत.” तिनं दाबलं. अर्ज उघडला. फोनातली बाई म्हणाली, “लिहिण्याची जागा. लिहिण्याची जागा. लिहिण्याची जागा.”

“आता हितं काय लिहू? नाव, गाव, का तुझं डोंबल?”

रकान्यांची नावं मी रकान्यांच्या आतच, फिकट राखाडी अक्षरांत ठेवली होती. छान दिसतात म्हणून. त्यांना खरं नाव दिलंच नव्हतं. मी एकेक सांगितलं, तिनं बोलून भरलं आणि आम्ही तळाशी पोचलो. तिथे मीच बसवलेला राखणदार होता: आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी, ज्या चित्रांत ट्रॅक्टर आहे ती चित्रं निवडा.

“काय म्हणते ती?” ताईनं विचारलं.

मी सांगितलं.

मग ताई अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “अगं, दारात ट्रॅक्टर उभा हाय माझ्या! त्याच्यावर हात ठेवून शपथ घेऊ का? तू ट्रॅक्टर कधी चालवलास गं? आणि मला विचारतीस माणूस हाय का म्हणून!”

ती हसत होती आणि मला मात्र कानशिलं तापल्याचं जाणवत होतं. पहिला राग फ्लेक्सवाल्यावर, दुसरा अध्यक्षांवर. पण दोघांना ओलांडून तो शेवटी माझ्याच खुर्चीत येऊन बसला. ताईचे डोळे आजारानं नेले. कान शाबूत होते. ते मी नेले. भोंगा मी बंद केला होता, आणि त्याच्या जागी अशी वस्तू ठेवली होती जी बोलतच नाही, नुसती छान दिसते. आपल्याकडे मुक्या देखण्या माणसाला निदान सभापती तरी करतात!

दुसऱ्या दिवशी सोमवारी संध्याकाळी आम्ही अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो. मी, ताई आणि माझ्या पिशवीत शाल. चिटणीस मास्तर आधीच येऊन बसले होते. अध्यक्षांनी आमचं ऐकून घेतलं, निदान कान तरी आमच्याकडे ठेवले.

“झालं ते वाईट झालं,” ते म्हणाले, “पण वहिनी, नियम सगळ्यांना सारखा. सूचना तर होती. घरातल्या कुणाकडून वाचून घ्यायची.”

“अध्यक्ष,” ताई म्हणाली, “तुमचा फोन घरात कोण वाचतं?”

“माझा? मीच वाचतो. दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाही.”

“मंग?”

मास्तर खोकले. खोकला नव्हता तो.

मी पिशवीतून शाल काढली. “साहेब, पाच मिनिटं द्या. तुम्हीच अर्ज भरून दाखवा.” आणि ते नाही म्हणायच्या आत मी शालीची घडी त्यांच्या डोळ्यांवर बांधली. जरीकाठ कपाळाला टोचला असावा. ते “अहो, अहो” करत राहिले. गल्लीतल्या गणपतीत मी अनेक वर्षं नाटकं बसवली आहेत. कुणाला कधी हलू द्यायचं नाही हे मला कळतं. मी ताईचा फोन त्यांच्या हातात दिला.

“चित्र,” बाई म्हणाली. “चित्र.”

“हे काय? पुढे काय?”

“सरकवा बोट.”

“चित्र. बटण.”

“कसलं बटण?”

“तेच तर,” मी म्हटलं.

“हे तिसरं चित्र कशाचं आहे?”

“ते तुम्ही आहात, साहेब. हात जोडून.”

अध्यक्ष थांबले. त्यांनी बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. बाई निर्विकारपणे म्हणाली, “चित्र.” लासलगावच्या लिलावात उभ्या आयुष्यात त्यांना असं कुणी म्हटलं नसेल. त्यांनी शाल ओढून काढली. चेहरा लाल झाला होता.

मला वाटलं, जिंकलो. पण ताईनं माझं नाटक माझ्याच तोंडावर पाडलं. “पुरे कर गं धाकटे. पाच मिनिटांत काय कळायचं त्यांना? पट्टी सुटणार हे ठावं असलेल्या माणसाचं आंधळेपण म्हंजे खेळ. आणि आंधळी म्हणून दया करा, असं मी कुठं म्हणलं? मला फक्त सांगा, अध्यक्ष, तुम्ही लासलगावला कांद्याचा भाव कसा सांगत होता?”

“कसा म्हणजे? ओरडून.”

“का बरं? चांगल्या अक्षरात लिहून, फुलांची माळ काढून खांबाला का नाय लावला?”

अध्यक्ष आता खरेच ऐकू लागले होते. ओळखीचा रस्ता लागला होता. “असं कसं? ट्रॅक्टरावर उभा असतो शेतकरी, लांब असतो. उन्हात असतो. कुणाला वाचता येतं, कुणाला नाही. भाव ज्याचा माल त्याच्या कानात पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो लिलावच खरा नाही.”

“झालं तर,” ताई म्हणाली. “माझ्या कानात पडला नाय.”

मग अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे. त्या नांदगाववाल्याला मी हलवतो. कोपरा तुमचा.”

मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात ताई म्हणाली, “त्याला नाय उठवायचं.”

“ताई!” मी ओरडलेच.

“त्याच्या कानात पडलं होतं, त्यानं अर्ज भरला, वेळेत भरला. तो दोन वर्षं थांबलाय. त्याला उठवलं तर मी आणि तुम्ही सारखेच.” मग ती मास्तरांच्या खोकल्याच्या दिशेनं वळली. “मास्तर, तो भोंगा हाय का अजून?”

“आहे की,” मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लग्नघराची कळा आली. “दर महिन्याला पुसून ठेवतो.”

“मंग माझं ऐका. भोंग्याचं टेबल फाटकाशी असायचं. ते परत मांडा. त्याच्या शेजारी मी बसते. टेबल हाताला लागलं की मला जागा कळंल. आणि सूचना मी वाचते.”

“तुम्ही वाचणार?” अध्यक्ष म्हणाले.

“फोनातली बाई मला सांगंल, मी बाजाराला सांगंन. वेबसाइटीवर जे हाय तेवढंच. पदरचं काही नाय.”

मास्तरांचा चेहरा पडला. माइक परत येतोय आणि तो आपल्या हातात नाही! ताईला ते दिसलं नाही, पण ऐकू आलं असावं. “प्रस्तावना मास्तरांची,” ती म्हणाली. सौदा झाला.

कोपरा मात्र गेला तो गेलाच. लिंबाचं खोडही गेलं, सावलीही गेली. टेबलाशेजारी अकरानंतर ऊन येतं आणि शेवंती माना टाकते. हा हिशेब मी विसरत नाही, कुणी विसरायला सांगितलं तरीही.

त्या आठवड्यात मी वेबसाइट उसवायला घेतली. आधी बाजारातल्या बाकीच्यांना विचारत फिरले: अर्ज तुम्ही कसा भरला? एकानं पुतण्याकडून भरून घेतला होता, एकीनं बँकेतल्या ओळखीच्या बाईकडून. एक गुलाबवाले आजोबा म्हणाले, “मला वाटलं माझा फोन मोडलाय. अक्षरं उमटतच नव्हती.” ते वावरात, भर उन्हात फोन धरून माझी राखाडी अक्षरं शोधत होते. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत. मी ते पान पडदे ओढलेल्या खोलीत, हातभर रुंद पडद्यावर बसून रंगवलं होतं, आणि वाचणारे सगळे उन्हात, मातीच्या बोटांनी, चरे पडलेल्या काचेवर. एकानंही तक्रार केली नव्हती. सगळे स्वतःला अडाणी समजून गप्प बसले होते. याहून मोठी फसवणूक कुठली? अडाणी मी होते आणि शाल मलाच मिळाली होती!

मग मी अक्षरं काळी केली, जाड केली, मोठी केली. बटणांवर साध्या मराठीत नावं घातली: अर्ज भरा, आजचे भाव, सूचना. रकान्यांची नावं रकान्यांच्या बाहेर, वर, कायम दिसतील आणि ऐकू येतील अशी. ट्रॅक्टर ओळखणाऱ्या राखणदाराला हाकललं. सरकणारी चित्रं थांबवली. सूचना म्हणजे टाइप केलेला मजकूर. फ्लेक्सवाल्याचा गुलाबी फलक हवा तर खाली, आणि त्याच्या मागे वर्णन.

अध्यक्षांनी पाहिलं आणि ते विव्हळले. “अहो, हे तेराव्याच्या पत्रिकेसारखं दिसतंय!”

खरं होतं. राग आल्यावर मी सगळंच भादरून टाकलं होतं, आणि ते कुरूप होतं. ही दुसरी चूक, आणि तीही रागातलीच. ताईला नुसतं ऐकायचं होतं, म्हणून बाकीच्यांनी कुरूप का बघावं? ती स्वतः शेवंतीच्या जुड्या बांधते तेव्हा पिवळ्याशेजारी पांढरी कुठली ठेवायची हे बोटांनी फुलाची जात चाचपून ठरवते. “गिऱ्हाइकाला दिसतंय ना!” म्हणते. मी पुन्हा बसले. पालकाच्या पानाचा गर्द हिरवा घेतला, त्यावर पांढरी अक्षरं. उन्हात गच्चीवर जाऊन फोनवर वाचून पाहिली. ओळींमध्ये हवा सोडली. कोथिंबिरीचं चित्र ठेवलं, एकच, स्थिर, आणि त्यामागे लिहिलं: ‘दवानं भिजलेली कोथिंबिरीची जुडी’. ते फोनातल्या बाईनं वाचलं तेव्हा ताई म्हणाली, “हां, वास आला.” सायीच्या रंगाच्या त्या पानाबद्दल असं मला कधी कुणी म्हणालं नव्हतं.

आणि अध्यक्षांचा फोटो? ठेवला. त्यामागचं वर्णन मी लिहिलं: ‘अध्यक्ष, हात जोडून उभे. सूचनेशी संबंध नाही.’ ते त्यांना अजून दिसलेलं नाही. त्यांना दिसणारही नाही. ते फक्त ऐकू येतं.

आता दर रविवारी दहा वाजता फाटकाशी मास्तर पाच मिनिटं प्रस्तावना करतात, मग ताई एका कानाला फोन आणि तोंडाला माइक लावते. पुढच्या वर्षीच्या जागांची सूचना येईल तेव्हा ती आधी तिच्या तोंडून चाळीस जणांच्या कानात पडेल, मग बाकीचं. अध्यक्षांनी एकदा, सवयीनं, फ्लेक्सवाल्याचं चित्र परस्पर सूचनेत चढवलं. ताईनं भोंग्यावरून अख्ख्या मैदानाला सांगितलं, “आज वेबसाइटीवर एक चित्र हाय. त्यात काय हाय ते बाईला ठावं नाय, मलाबी नाय. अध्यक्ष कोथिंबिरीजवळ उभे हायेत, तिथं रांग लावा.” लोकांनी खरोखर रांग लावली. दुपारपर्यंत मजकूर टाइप होऊन आला.

मी तेव्हा पोट धरून हसले. पण बाजारात कुणाचंही हसू फार टिकत नाही. मागच्या रविवारी मी नांदगाववाल्याकडे मटकी घेत होते, त्याच लिंबाखाली. आदल्या दिवशी घाईघाईत वेबसाइटवर एक नवीन खूण बसवली होती, छोटीशी, गोल, फार देखणी. भोंगा खरखरला.

“आजचे भाव वाचून झाले. आता पुढं एक बटण हाय.” मग पुन्हा, सावकाश, इंदिरानगरच्या बोगद्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात: “नुसतं बटण. नाव नाय. धाकटे, कुठं हायस तू?”

नांदगाववाल्यानं मटकीचं पुडकं बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं. “मावशी तुम्हालाच बोलवतायत वाटतं,” तो म्हणाला.

मी मटकी तिथेच ठेवली आणि अकरा पावलं परत फाटकाकडे चालत गेले.